पाणी सुटलं का?

कोलाडच्या राफ्टिंगला, म्हणजे रबरी होडीतून नदी उतरण्याच्या खेळाला, भर पावसातही धरणाचं पाणी का लागतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझं घर रोह्याला, शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे कोलाडला राफ्टिंग करून आले की माझ्या ओटीवर चहा पिता पिता एक प्रश्न हमखास येतो. "श्रावणात इथे एवढा धो धो पाऊस, नदी डोळ्यांसमोर वाहतेय, तरी सकाळी तासभर धरणाचं पाणी सुटायची वाट कशाला बघायला लावतात?"

गेल्या श्रावणात माझ्या भाच्यानेही हेच विचारलं, आणि तेही नदीकाठी उभं राहून. त्याच्या हट्टापायी मीही त्या दिवशी अंगात लाइफ जॅकेट आणि डोक्यावर हेल्मेट घालून उभी होते. साजे गावाजवळ आम्ही वीसेक माणसं पावसात भिजत होतो. समोर कुंडलिका नदी होती, पण खडक उघडे होते आणि त्यांच्या फटींतून पाणी वाट काढत होतं. आमचा गाइड तिथलाच, पंचविशीतला मुलगा. दर पाच मिनिटांनी कुणीतरी त्याला हाक मारायचं, "पाणी सुटलं का?" तो एका ठराविक काळ्या दगडाकडे बघायचा आणि मान हलवायचा.

कोकणातली नदी उताराची असते, हे भाच्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. घाटमाथ्यापासून समुद्र जेमतेम ५०-६० किलोमीटर. पाऊस पडला की पऱ्ये, वहाळ, म्हणजे लहानमोठे ओढे, सगळे एकदम नदीत उतरतात आणि काही तासांत पाणी खाडीला लागतं. सर थांबली की नदी ओसरते, कोसळत राहिली की पूर येतो. पुरात राफ्ट घालायची नसते, आणि ओसरलेल्या पाण्यात राफ्टचा तळ दगडांवर घासतो. राफ्टिंगला लागतं ते मधलं पाणी, काही तास एका पातळीला राहणारं. असं पाणी आभाळ देत नाही. ते वीजघर देतं.

आणि हे वीजघराचं पाणी मुळात आपल्या कोकणातलं नाहीच! सह्याद्रीच्या पलीकडे मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. ते पाणी बोगद्यातून आणि अजस्र नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडतात. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. तिथे वीज करून झाली की पाणी पुन्हा अडवतात आणि रवाळज्याला त्याच पाण्यावर दुसऱ्यांदा वीज करतात. तिथली यंत्रं फिरली की कुंडलिका चढते. मे महिन्यात आसपासचे वहाळ कोरडे ठणठणीत पडलेले असतानाही कोलाडला राफ्ट चालतात, त्या यामुळेच.

"आलं," गाइड म्हणाला. मी दगडाकडे बघितलं. त्याच्या कमरेला लागलेलं पाणी खांद्यापर्यंत आलं होतं. लाट नाही, गडगडाट नाही, नदी नुसती जागच्या जागी फुगत होती. काठच्या गवताची टोकं एकेक करून आत गेली आणि सगळी एकाच दिशेला आडवी झाली. आधी नुसता झिरझिर आवाज होता, त्याला आता खालचा, जाडसर सूर लागला. इतकी वर्षं फळ्यावर या नदीचा नकाशा काढला, पण नदी चढताना अशी जवळून कधी पाहिली नव्हती.

राफ्टमध्ये बसायचं म्हणजे काठावर बसायचं आणि एक पाय आतल्या फुगवट्याखाली घट्ट अडकवायचा. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही, कारण सुटलेली मूठ शेजारच्याच्या दातांवर बसते. गाइडने मला तीनदा बजावलं, "काकी, पडलात तर उभं राहायचं नाही. पाठीवर पडा, पाय पुढे, पावलं पाण्यावर." वाहत्या पाण्यात उभं राहिलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. गुडघाभर पाण्यातही असं होतं. पावसाळ्यात ओढ्या-धबधब्यांवर जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. मी आता वर्गात शिकवते.

आणि मी पडले. तिसऱ्या की चौथ्या रॅपिडला, म्हणजे खडकांवरून उसळत्या पाण्याच्या टप्प्याला, राफ्टचं नाक खाली गेलं, समोर पाण्याची भिंत आली, आणि पुढच्या क्षणी मी नदीत होते. पाणी गार होतं. वरून पडणारा पाऊस कोमट वाटावा इतकं गार. कानांत फक्त दगड एकमेकांवर आपटल्याचा टकटक आवाज. जॅकेटने मला वर आणलं. पाय पुढे करायचे हे आठवलं तोवर दोन खडक बाजूने निघून गेले होते. भाच्याने वल्हं पुढे केलं, गाइडने जॅकेटच्या खांद्यांचे पट्टे धरून मला आत ओढलं. वल्ह्याची मूठ माझ्या हातात तशीच होती.

त्यापुढे नदी संथ झाली आणि जंगल दिसायला लागलं. बारमाही हिरवं रान तुम्हाला वर, ताम्हिणीच्या बाजूला घळींमध्ये भेटेल. इथलं निमसदाहरित, म्हणजे काही झाडांची पानं गळणारं, ऐन-किंजळ-जांभळाचं. पण श्रावणात हा फरक मिटतो. खोडांना शेवाळ चढलेलं, त्यावर नेचे, फांद्यांवर आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे झुबके, उंबराची मुळं पाण्यात लोंबलेली. कुठूनतरी शीळकरी कस्तूर पक्षी शीळ घालत होता, रस्त्याने जाणारं पोर घालतं तशी, मध्येच सोडून दिलेली. सगळ्यांची वल्ही मांडीवर आडवी. कुणी काही बोलत नव्हतं.

तिथे मी भाच्याला सांगितलं. तो औंधला राहतो, मुळेच्या काठी. म्हटलं, "बाळा, हे पाणी खरं तर तुझ्या घरामागून जायचं. पुढे मुठेला मिळायचं, भीमेला, कृष्णेला आणि मग बंगालच्या उपसागराला. ते इकडे वळवलं. आता रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला जातं."

"मग तिकडच्या लोकांचं काय झालं, आत्या?"

बरं वाटलं त्याने विचारलं म्हणून. मुळशी खोऱ्यात आंबेमोहोर पिकायचा. मुंबईच्या विजेसाठी ती भातखाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळातले शेतकरी धरणाच्या बांधकामावर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट पुढे होते, याच लढ्याने त्यांना सेनापती केलं. बायकाही तुरुंगात गेल्या. तरी धरण झालं. धरणाविरुद्धच्या आपल्याकडच्या लढ्यांमध्ये हा अगदी सुरुवातीचा, आणि पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींत उरकतो, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या वर्गात मी त्याला पूर्ण तास देते.

पाणी मात्र अजून कामात आहे. डोळवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी शेतांना देतात. त्यावर आमच्या भागात उन्हाळी भात होतो. त्या भाताची पेज मी लहानपणापासून खात आलेय, त्या पाण्याचा मागचा हिशेब मात्र मला नोकरीला लागल्यावर कळला.

कामतजवळ आम्ही उतरलो. राफ्ट डोक्यावर घेऊन पोरं चढावर गेली, आम्ही टपरीवर चहा घेतला. भाचा मात्र ग्लास घेऊन पुन्हा काठाशी गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी हाक मारली.

"थांब ना आत्या," तो म्हणाला, "पाणी उतरतंय."

त्याच्या पायांशी दगड एकेक करून वर येत होते, आणि आडवं झालेलं गवत हळूहळू उभं राहत होतं.