आमची वाटचाल : एनडीए हुकलेल्यांची अकॅडमी

आमची अकॅडमी सुरू झाली ती गणिताच्या क्लासमधून. एनडीए म्हणजे बारावीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठीची नॅशनल डिफेन्स अकॅडमी, तिच्या लेखीत गणित ३०० मार्कांचं आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६०० ची, बरीच पोरं गणितातच आडवी व्हायची, म्हणून मी संध्याकाळी तेवढंच शिकवायचो. लेखी निघाली की पोरगं आपल्या वाटेनं आणि आपण आपल्या, असा सगळा कारभार. पण झालं काय की लेखी निघालेली पोरं एसएसबीहून, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीहून, परत यायची, काही तर स्क्रीनिंगमधूनच पहिल्या दिवशी बॅग उचलून, आणि थेट आमच्याकडंच येऊन बसायची. अ‍ॅडमिशनला नाही, नुसतीच. "सर, आता पुढं काय?"

ह्या एका प्रश्नावर आमचा धंदा उभा राहिला म्हटलं तरी चालेल. ऑफिसात एक वेगळं टेबल टाकलं, त्यावर एक लांबडी वही. रकाने चारच : जन्मतारीख, शिक्षण, एनसीसी आणि कुठं अडकलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण "माझं एनडीए गेलं" असं सगळेच म्हणतात पण लेखीत जाणं वेगळं, एसएसबीच्या शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सनंतर जाणं वेगळं, मेडिकलला जाणं वेगळं आणि रेकमेंड होऊन (म्हणजे एसएसबी पास होऊन), मेडिकल फिट होऊन मेरिट लिस्टमध्ये नाव न येणं तर फारच वेगळं. मेरिट आउट झालेल्या पोराला एसएसबीची तयारी शिकवायला जाणं म्हणजे पोहता येणाऱ्याला पाण्यात कसं उतरायचं ते सांगणं, त्याला फक्त पुढचा फॉर्म कुठला ते हवं असतं.

मेडिकलवाल्यांचं आधी कागद बघून बोलायचं असा आमचा नियम. बरीच पोरं "अनफिट" एवढंच ऐकून घरी येतात आणि खाली टेम्पररी लिहिलंय की पर्मनंट ते वाचतच नाहीत. वजन जास्त, कानात मळ, नाकाचं हाड वाकडं, असल्या गोष्टींना टेम्पररी मिळतं, दुरुस्त करून अपील मेडिकल बोर्डापुढं जाता येतं आणि त्याला ४२ दिवसांची मुदत असते. हे दिवस लोक देवाला नवस बोलण्यात घालवतात. एका पोराचा कागद तर मला अजून आठवतो, उंची छान, छाती छान, आणि मांडीची लांबी ६४ सेंटिमीटरच्या वर, म्हणून पायलटसाठी अनफिट. कॉकपिटमध्ये गुडघे बसायला पाहिजेत ना! त्याचे वडील म्हणाले पोराचे पाय काय कापून आणू का. मी म्हटलं, काका, विमान चालवायचं नाही एवढंच झालंय, एअर फोर्सची ग्राउंड ड्यूटी आहे, आर्मी आहे, तिथं ही मांडी कुणी मोजत नाही. त्यानं ग्रॅज्युएशनला सीडीएस, म्हणजे पदवीधरांची सैन्य अधिकारी परीक्षा, दिली आणि आज तो आर्मीत कॅप्टन आहे. फ्लाइंगची कॉम्प्युटरवरची सिलेक्शन टेस्टसुद्धा आयुष्यात एकदाच देता येते, ती गेली तरी हेच उत्तर.

वय १९.५ च्या पुढं गेलं की एनडीए बंद, पण दरवाजे तिथून पुढंच जास्त आहेत, आणि गंमत म्हणजे लोकांना तेच माहीत नसतात. ग्रॅज्युएटला सीडीएस आणि एअर फोर्सची एएफकॅट परीक्षा, इंजिनिअरला टेक्निकल एंट्री, वकिलाला जॅग म्हणजे आर्मीची कायदा शाखा. एनसीसीचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं असेल आणि डिग्रीला ५० टक्के असतील तर लेखी न देता सरळ एसएसबी. आमच्याकडं एक मुलगी सीडीएसची लेखी काही केल्या निघत नाही म्हणून आली होती, बोलता बोलता कळलं बाईंचं सी सर्टिफिकेट आईनं कपाटात लॅमिनेट करून ठेवलंय! त्या दिवशी आमची लेखी बॅचची एक अ‍ॅडमिशन गेली. असल्या गेलेल्या अ‍ॅडमिशन्सनीच पुढं माणसं पाठवली, आमची जाहिरात बाकी काही नाही.

शिपाई म्हणून भरती झालेल्यालाही रस्ता आहे. दोन वर्षं सर्व्हिस, बारावी पास आणि वय २० ते २७ मध्ये असेल तर आर्मी कॅडेट कॉलेज, तीन वर्षं तिथं, मग एक वर्ष आयएमए म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी, पोरगं डिग्री घेऊनच लेफ्टनंट होतं. सुट्टीवर आलेले जवान आमच्याकडं येतात, त्यांना इंग्रजीचा धाक असतो, ग्राउंडवर मात्र ते सिव्हिलच्या पोरांना एसएसबीच्या ग्राउंड टास्कमधली फट्टा (फळी), बल्ली (लाकडी वासा), रस्सी कशी वापरायची ते आमच्यापेक्षा बरं शिकवतात.

२०२० ला सगळं ठप्प. एनडीएच्या दोन्ही परीक्षा एकत्र करून ६ सप्टेंबरला घेतल्या, ग्राउंडचं भाडं मात्र चालूच. तेव्हा व्हिडिओ कॉलवर मॉक इंटरव्ह्यू सुरू केले, एक निवृत्त कर्नल साहेब घरून घ्यायचे, ते अजून चालू आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात मुलींनी पहिल्यांदा एनडीएची लेखी दिली आणि आमच्याकडं मुलींची बॅच झाली, हा बदल कोविडपेक्षा मोठा होता असं माझं मत.

भिंतीवर आधी डॉ. कलामांचं पोस्टर होतं, डेहराडूनला एअर फोर्सच्या निवडीत ते नववे आले आणि जागा आठ होत्या तो किस्सा. मी काढून टाकलं. माणूस थोरच, पण समोरच्या पोराला राष्ट्रपती नाही व्हायचंय हो, लेफ्टनंट व्हायचंय, त्याला तारखा सांगा. त्या जागी आता वयोमर्यादेचा तक्ता आहे.

पालकांचा एक प्रश्न मात्र हटत नाही, शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांसाठीची अधिकारी नेमणूक) म्हणजे दहा वर्षांनी पोरगं रस्त्यावर का? दहा वर्षं, पुढं चार वाढवता येतात, पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत राहण्याचा, पर्यायही असतो, आणि नाही मिळालं तरी ऑफिसर म्हणून दहा वर्षं माणसं सांभाळलेला तिशीतला माणूस रिकामा बसत नाही.

सध्या फोन वाढलेत ते टेरिटोरियल आर्मीसाठी, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून सैन्यात सेवा द्यायची ती, बँकेतले, शाळेतले, स्वतःचा धंदा असलेले. पदवी, वय १८ ते ४२ आणि स्वतःची कमाई पाहिजे. ही फुल टाइम नोकरी नाही हे आम्ही फोनवरच सांगतो, निम्मे तिथंच गळतात. उरलेल्यांची बॅच रविवारी सकाळी असते.