कुंभार्ली घाट आणि कमी होत जाणारे कुलंट : जुन्या कॅम्पर व्हॅनच्या प्रवासाचा वृत्तांत

पुण्याहून सातारा, कऱ्हाड, पाटण, चिपळूण या मार्गाने गुहागरला जायचे, तेथे चार रात्री गाडीतच मुक्काम करायचा आणि त्याच वाटेने परतायचे, असा फेब्रुवारीतला आमचा बेत होता. गाडी २००४ सालची डिझेल व्हॅन आहे. ती पूर्वी हिमाचलात प्रवासी वाहतुकीसाठी वापरली जात असल्यामुळे पुढच्या हीटरखेरीज मागच्या प्रवाशांसाठीही तिच्यात एक हीटर आहे. इंजिनातले गरम कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) गाडीच्या जमिनीखालून जाणाऱ्या दोन लांब लोखंडी नळ्यांमधून त्या हीटरपर्यंत जाते आणि परत येते. आम्ही गाडी घेतली तेव्हा या नळ्यांवर फोम आणि प्लायवूडची जमीन घातली आणि तिच्यावर पलंग बसवला. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही रचना ध्यानात ठेवावी लागेल. प्रवासात माझे पती, सासूबाई आणि मी असे तिघे होतो आणि गाडी बहुतेक वेळ मीच चालवत होते.

पहिली खूण खंबाटकी घाटात दिसली. भरलेल्या पाण्याच्या टाकीसह तो चढ चढताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपासून हळूहळू वर सरकला आणि घाट उतरताच खाली आला. उन्हाचा आणि वजनाचा परिणाम असेल, असे समजून मी पुढे गेले. कऱ्हाडला, इंजिन तासभर थंड होऊ दिल्यावर, जादा कुलंटच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाहिले, तेव्हा पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली होती. निघताना ती वरच्या खुणेवर होती, हे मला नक्की आठवत होते, कारण लांबच्या प्रवासाआधी बाटलीवर खडूने रेघ मारून ठेवण्याची मला सवय आहे. ही रेघ आणि वहीत लिहिलेले किलोमीटर या दोन गोष्टींमुळेच पुढचा शोध शक्य झाला, म्हणून प्रत्येकाने निदान एवढे तरी करावे.

कऱ्हाडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरायचा असतो. उतारावर इंजिनावर भार नसतो, त्यामुळे गाडी मुळीच तापली नाही आणि आम्ही निर्धास्तपणे गुहागरला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून भरले, तेव्हा सुमारे ७०० मिलिलिटर मावले. रात्रभर गाडीखाली पुठ्ठे अंथरून ठेवले होते, पण त्यांवर एकही थेंब नव्हता.

येथेच मी विचारात चुकले. थेंब दिसत नाही, म्हणजे गळती बाहेर नाही, आणि बाहेर नाही म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेले असणार, अशी साखळी मनात तयार झाली आणि चार दिवस ती भीती पाठ सोडेना. प्रत्यक्षात हेड गॅस्केटची एकही खूण जुळत नव्हती. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नव्हता, डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ होते आणि सकाळी गाडी चालू करताना सायलेन्सरमधून पांढरी वाफ रेंगाळत नव्हती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गार इंजिन चालू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत रेडिएटरची वरची नळी हाताला मऊच लागत होती. गॅस्केटमधून सिलिंडरचा वायू कुलंटमध्ये शिरत असेल, तर पाणी तापण्याआधीच ही नळी दाबाने टणक होते. ही तपासणी कोणालाही, कोणत्याही अवजाराशिवाय करता येते, आणि हेड उघडायला सांगणाऱ्याच्या हाती गाडी देण्यापूर्वी ती करावीच.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तेथील कारागिरांनी गाडीखाली पाहिले, खालच्या नळीची जुबिली क्लिप (नळी आवळणारी पट्टी) बदलली, आणि मागच्या हीटरचा कॉक (कुलंटची वाट बंद करणारी तोटी) इंजिनाजवळच बंद असल्यामुळे तिकडे बघायचे कारण नाही, असे सांगितले. त्यांनी थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याचाही सल्ला दिला. हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तो मनापासून दिलेला असतो, तरी मी तो मानत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडू लागतो आणि इंजिनाला योग्य तापमानात ठेवतो. तो काढल्यास थंडीत आणि सपाटीवर इंजिन कायम गार राहते, आणि ज्या इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, त्यांत ती वाट कायम उघडी राहून काही कुलंट रेडिएटरकडे न जाता परस्पर इंजिनात फिरते, म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापू शकते. थर्मोस्टॅटबद्दल शंका असेल, तर तो भांड्यातल्या तापत्या पाण्यात थर्मामीटरसह धरून पाहावा, आणि न उघडल्यास नवा घालावा.

त्याच संध्याकाळी सासूबाई पलंगावर बसल्या असताना म्हणाल्या, “अगं, या बिछान्याखाली काकवी सांडली आहे का? गोडसर वास येतोय.” समुद्राकाठच्या दमटपणामुळे गादीला वास लागला असेल, असे मी त्यांना सांगितले. कुलंटमधल्या ग्लायकॉलला असाच गोडसर वास असतो, हे मला माहीत होते, पण त्या क्षणी सुचले नाही. गाडीत असा वास आला, किंवा हीटर लावल्यावर समोरची काच आतून चिकट धुक्याने भरली, तर तो हीटरच्या गळतीचा पुरावा समजावा.

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला आणि आम्ही अकराच्या उन्हात पोफळीच्या पुढे घाट चढू लागलो. तीन-चार वळणांनंतर काटा वर जाऊ लागला. मी एसी बंद केला, दुसरा गिअर घेतला आणि पुढचा हीटर पूर्ण सोडला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओढत नेण्यापेक्षा दुसऱ्यात थोडे जास्त फिरवलेले बरे, कारण बेल्टवर चालणारा पंखा आणि वॉटर पंप त्यामुळे वेगाने फिरतात. हीटरमधून आधी गरम हवा आली, मग ती एकाएकी गार झाली आणि त्याच वेळी तापमानाचा काटा झपाट्याने खाली पडला. मागून पतींनी समाधानाने सांगितले की काटा उतरला. पण हीच घाटातली सर्वांत धोक्याची खूण होती. कुलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर वाफेत लोंबकळतो आणि काटा गार इंजिन दाखवतो, तर हीटरमध्ये फिरायला पाणीच उरत नाही म्हणून हवा गार होते. मी पुढच्या रुंद जागेत गाडी घेऊन इंजिन लगेच बंद केले. आणखी दोन वळणे गेले असते, तर हेड वाकले असते याबद्दल मला शंका नाही.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण आम्ही तासाहून अधिक वेळ उघडले नाही. ओल्या फडक्याने धरून लगेच उघडता येते असे सांगणारे भेटतात, पण दाबाखालचे कुलंट झाकण सैल होताच उकळून उसळते आणि चेहरा व हात भाजतात. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याची भीती असते, ती वेगळीच. त्या तासाभरात मात्र शोध लागला. वास आता सगळ्यांनाच येत होता. गादी उचलली, प्लायवूडचे दोन स्क्रू काढले आणि आत कागदी रुमाल दाबला, तर तो हिरवा होऊन वर आला. फोम स्पंजासारखा भिजलेला होता. खाली पत्र्याचे सपाट आवरण असल्यामुळे एकही थेंब रस्त्यावर पडत नव्हता, आणि गुहागरचे पुठ्ठे कोरडे का राहिले, याचे उत्तर मिळाले.

गळती परतीच्या नळीला होती. रबरी नळी जेथे लोखंडी नळीवर चढते, तेथे क्लिपखाली गंज धरून सुईएवढे छिद्र पडले होते. कॉक जाणारी वाट बंद करतो, पण परतीची नळी इंजिनाला जोडलेलीच राहते आणि तिच्यात पूर्ण दाब असतो, म्हणून कॉक बंद असणे हा निर्वाळा ठरत नाही. गार असताना दाब नसल्यामुळे छिद्र गळत नव्हते आणि चढावर दाब वाढला की पाझरत होते. जमिनीत किंवा पलंगाखाली दडलेल्या नळ्या असलेल्या प्रत्येक कॅम्परच्या मालकाने पुठ्ठ्यावर विसंबू नये, असे मी आवर्जून सांगते.

इंजिन गार झाल्यावर मागच्या हीटरच्या दोन्ही नळ्या इंजिनाजवळ सोडल्या आणि आमच्याकडे असलेल्या १६ मिलिमीटर व्यासाच्या अर्धा मीटर सुट्या नळीने ती दोन तोंडे एकमेकांना जोडली. मागचा हीटर असा पूर्ण वेगळा झाला. मग कुलंट आणि पाणी मिळून साडेतीन लिटर हळूहळू भरले. येथे घाटाचा उपयोगच झाला, कारण गाडीचे तोंड चढाकडे असल्यामुळे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहिले, पुढचा हीटर सोडून इंजिन चालू ठेवल्यावर अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली आणि पातळी दोनदा खाली बसली. हवा अडकलेली राहिली, तर नळी दुरुस्त करूनही गाडी तापते आणि माणूस पुन्हा नव्या दोषाच्या मागे लागतो. सपाट जागेवर पुढची चाके फळ्यांवर किंवा उंचवट्यावर चढवून हेच साधता येते.

घाटापलीकडच्या हेळवाकपर्यंत काटा जागचा हलला नाही. तेथे चहा घेऊन, पातळी पाहून, आम्ही पाटणमार्गे कऱ्हाडला गेलो आणि एका वर्कशॉपमध्ये हातपंपाने दाबाची तपासणी करून घेतली. गार इंजिनावर १ बार (बार हे दाबाचे एकक) दाब दिला, तो २० मिनिटे तसाच राहिला. ही तपासणी प्रवासाआधी करून घेतली असती, तर तेव्हाच दाब घसरताना दिसला असता, कारण तिच्यात इंजिन न तापवता चढावरचा दाब निर्माण करता येतो. डिझेलच्या धुराचा अंश कुलंटमध्ये आहे का, हे निळ्या रसायनाने पाहिले. त्याचा रंग निळाच राहिला आणि हेड गॅस्केटची भीती संपली.

त्याच पंपावर रेडिएटरचे झाकण लावून पाहिल्यावर दुसरा दोष सापडला. झाकणावर ०.९ बार असे लिहिलेले होते, म्हणजे तेवढा दाब होईपर्यंत ते बंद राहायला हवे, पण त्याची स्प्रिंग थकलेली असल्यामुळे ते सुमारे ०.५ बारलाच सुटत होते. साधे पाणी ०.९ बार जादा दाबाखाली सुमारे ११८ अंशांना उकळते, तर ०.५ बारखाली सुमारे १११ अंशांना. म्हणजे खंबाटकीत कुलंट नळीतून पाझरत होते आणि त्याच वेळी झाकणातूनही बाहेर ढकलले जात होते. मी एकच कारण शोधत राहिले, म्हणून दुसरे लपून राहिले. कुलंट कोठे जाते हे ठरवताना झाकण सर्वांत आधी बदलावे. ते स्वस्त असते आणि त्यावर छापलेला दाब पूर्वीच्याइतकाच असावा, जास्त दाबाचे झाकण लावल्यास जुन्या नळ्या फुटू शकतात.

या वाटेने जुनी गाडी घेऊन जाणाऱ्यांनी चिपळूणहून पहाटे निघावे, पोफळी-अलोरेच्या आधीच गार इंजिनावर पातळी पाहावी आणि घाटात सर्वत्र मोबाइलची रेंज मिळेल असे धरून चालू नये. पाच लिटर पाणी, दोन लिटर कुलंट, हीटरच्या मापाची अर्धा मीटर नळी, चार जुबिली क्लिपा, स्क्रूड्रायव्हर, विजेरी आणि कागदी रुमाल हे सामान आम्हाला पुरले. ऐनवेळी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालावे लागले, तर घरी आल्यावर ते काढून धुऊन टाकावे, कारण क्षारांचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात. आम्ही पुण्याला आल्यावर सगळे कुलंट काढून शुद्ध पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे भरले, गंजलेल्या नळीच्या जागी तांब्याची नळी घातली आणि पलंगाखाली दोन्ही जोडांवर हात जाईल एवढी झडप प्लायवूडमध्ये कापून घेतली. मार्चअखेर पुन्हा कुंभार्ली चढलो, तेव्हा हेळवाकला पातळी खडूच्या रेघेवरच होती.