त्यांची दिवाळी गुरुवारी, आमची शुक्रवारी

कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला नोकरीवर रुजू झालो, तेव्हा एचआरने सुट्ट्यांची यादी हातात ठेवली. वर्षाला १४ सार्वजनिक सुट्ट्या, आणि १९६६ पासून त्यात दिवाळी आणि ईदही! दिवाळीला रजा मागायची कटकट नाही म्हणून मी खूश. फक्त दिवाळीसमोर तारीख नव्हती. ती सरकार नंतर जाहीर करतं, असं कळलं.

पहिली ठेच कार्निव्हलला लागली. २०२४ च्या १२ आणि १३ फेब्रुवारीला सगळी राजधानी, पोर्ट ऑफ स्पेन, रस्त्यावर नाचत होती, बँकासुद्धा बंद. पण यादीत कार्निव्हलचं नावच नाही! कायद्याने ती सुट्टीच नाही. ऑफिसला कुलूप लागलं आणि दोन्ही दिवस आमच्या वार्षिक रजेतून कापले गेले. स्थानिक सहकाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला अजून वाटतं.

मग दिवाळीची तारीख आली: गुरुवार, ३१ ऑक्टोबर. घरी फोन केला तर आई म्हणाली, "अरे, लक्ष्मीपूजन शुक्रवारी आहे. कालनिर्णय बघ की."

मी शहाणपणा करायला गेलो. गुरुवारी कामावर येतो, बदल्यात शुक्रवारी सुट्टी द्या, असा अर्ज केला. तो दुसऱ्याच दिवशी परत. सार्वजनिक सुट्टीला काम म्हणजे दुप्पट पगार, अशी अदलाबदल करता येत नाही, असं एचआरच्या बाईंनी समजावलं. त्यांचे पूर्वज भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून इथे आलेले. पहिलं जहाज १८४५ च्या ३० मे रोजी लागलं, त्या दिवसाचीही इथे सुट्टी असते. "आमची दिवाळी चुकीची आहे का?" त्यांनी हसत विचारलं. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मग मी गणित मांडलं, जे अर्ज करण्याआधी करायला हवं होतं. अमावास्या भारतात गुरुवारी दुपारी ३.५२ ला लागत होती आणि शुक्रवारी संध्याकाळी ६.१६ ला संपत होती. त्रिनिदादचं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे. म्हणजे इथे ती शुक्रवारी सकाळी पावणेनऊलाच संपणार. अमावास्येची संध्याकाळ इथे फक्त गुरुवारचीच! त्यांचा गुरुवार बरोबर, आईचा शुक्रवारही बरोबर. चुकला होता माझा अर्ज.

गुरुवारी शेजाऱ्यांनी बोलावलं. बांबू चिरून, वाकवून कमानी केलेल्या आणि त्यांवर खोबरेल तेलाच्या पणत्या. 'पणती' नव्हे, 'दिया'. जेवण सोहारी नावाच्या मोठ्या पानावर: रोटी, भोपळा, चणे, आंब्याची आंबटगोड भाजी. त्या दिवशी मांसाहार नाही. चकली मात्र त्यांनी कधी खाल्ली नव्हती. मी तळलेल्या अर्ध्या तिथेच संपल्या.

आईबरोबर पूजेला बसायचं, तर पुण्यात संध्याकाळचे सहा म्हणजे माझे सकाळचे साडेआठ. मी नवा अर्ज केला: शुक्रवारी सकाळी अर्धा दिवस, वार्षिक रजेतून. या वेळी बाईंनी लगेच सही केली, पण एक अट घातली. संध्याकाळी त्या तास-दोन तास लवकर निघणार आणि त्यांचं काम मी बघायचं. १ नोव्हेंबर म्हणजे ख्रिश्चनांचा ऑल सेंट्सचा दिवस. त्या दिवशी लोक दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. त्याचीही सुट्टी नाही. बाईंच्या घरी आजोबा हिंदू, आजी कॅथलिक.

सकाळी फोनवर आरती झाली, दुपारी मी ऑफिसात. चार वाजता बाई मेणबत्त्यांचं पाकीट घेऊन निघाल्या. मी उरलेल्या पणत्या त्यांच्या पिशवीत टाकल्या. त्या म्हणाल्या, आजोबांना चालतील.