का ठरवलं ते पण लिहून ठेव भावा

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दाखवणारं छोटं ॲप करायला घेतलंय. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शेंबडं पोरगं पण सांगतंय, पण डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस सोडून एसक्यूलाइट का घेतलं हे मलाच दोन महिन्यांनी आठवेना आणि परत अख्खा रविवार त्याच वादात गेला, तोही स्वतःशीच.

मग ॲपचा कोड ठेवतो त्या रेपोतच 'निर्णय' नावाचं फोल्डर केलं. २०११ मध्ये मायकेल नायगार्डनं मांडलेली एडीआरची (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, सॉफ्टवेअरमधला एकेक निर्णय कारणासकट लिहून ठेवायची) पद्धत, म्हणजे परिस्थिती, निर्णय, स्टेटस, परिणाम, एकदोन पानांत बास. माझी पहिली नोंद: 'लिहिणारा मी एकटाच, दिवसाला चार आकडे, सगळा डेटा एका फाइलीत, सर्व्हर सांभाळायची कटकट नको.' निर्णय फिरला तर जुनं खोडायचं नाही, स्टेटस बदलून नवी नोंद करायची.

मित्र म्हणतोय, ॲप कमी आन् वही लई झालीया. खरंय, नोंदी चार आणि कोडची फाइल एकच.