तुम्ही विचारलंत म्हणून : ड्रॅक्युला प्रेमात कधी पडला?

‘दिग्दर्शक कोपोलाच्या १९९२च्या ड्रॅक्युला-चित्रपटातच ना?’ असं उत्तरासकट विचारता. नाही हो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युलाला हरवलेली प्रेयसी नाही. नायिका मीना त्याच्यासाठी तिथे फक्त सावज आहे. हे विरहाचं दुखणं व्हँपायरला लागलं ते एबीसी या अमेरिकन वाहिनीवरच्या ‘डार्क शॅडोज’ या दुपारच्या मालिकेत. १९६६ ते १९७१, आठवड्याला पाच भाग, एकूण १२२५.

मालिकेतला व्हँपायर बार्नबस कॉलिन्स एप्रिल १९६७मध्ये आला, तोही थोड्या दिवसांचा पाहुणा म्हणून. मग त्याने गावातल्या मॅगी इव्हान्सला पळवलं. हे भाग नीट बघा. नुसतं रक्त पिऊन त्याचं भागत नाही. तो आपल्या मेलेल्या प्रेयसीचा, जोसेटचा म्युझिक बॉक्स मॅगीच्या हातात देतो, जोसेटचा लग्नाचा पोशाख तिच्या अंगावर चढवतो, ‘मी जोसेट’ असं तिच्याकडून वदवून घेतो. ती ऐकेना, तेव्हा कोठडीत डांबतो. तिला सुटकेची वाट सापडते ती त्याच्याच धाकट्या बहिणीच्या, साराच्या भुतामुळे. याला प्रेम म्हणायचं? एका बाईचं नाव पुसणं आहे हे. तरी प्रेक्षकांना कळवळा आला बार्नबसचा.

बार्नबस करणारा नट जोनाथन फ्रिड टेलिप्रॉम्प्टरकडे बघत अडखळायचा. भाग नाटकासारखा सलग रेकॉर्ड होई. टेप कापून जोडणं महाग, म्हणून अडखळणं तसंच राही, आणि पडद्यावर ते व्यथेसारखं दिसे. शिवाय चित्रपटात दीड तासाने छातीत खुंटी ठोकून मोकळं होता येतं. रोजच्या मालिकेत लोकांचा लाडका मारून कसं चालेल? नोव्हेंबरात त्याचा भूतकाळ दाखवायला कथा थेट १७९५मध्ये गेली : चेटकीण अँजेलिकचा शाप, कड्यावरून उडी घेणारी जोसेट.

पुढची साखळी सरळ आहे. १९७०मध्ये निर्माता डॅन कर्टिसनेच यावर चित्रपट केला. १९७२च्या ‘ब्लॅक्युला’त व्हँपायर मामुवाल्डेला टीनामध्ये आपली मेलेली बायको लुवा दिसते. १९७४च्या कर्टिसच्या टीव्हीपटात जॅक पॅलन्सचा ड्रॅक्युला लूसीत मृत पत्नी बघतो. कोपोलाकडे तिची जागा मीनाने घेतली.

ही कल्पना मुळात मालिकेचीच, असं मी पूर्वी ठासून सांगत असे. ते चूक होतं. १९३२च्या ‘द ममी’त जिवंत झालेली ममी इम्होटेप हेलनमध्ये आपली राजकन्या शोधतोच, कथेचा सांगाडा तिथूनच उचललेला. पण इम्होटेपला बरं व्हायचं नव्हतं. बार्नबस डॉक्टर ज्युलिया हॉफमनकडून उपचार घेतो, माणूस व्हायला धडपडतो. एवढ्याने मालिकेचं श्रेय टिकतं का? कधी वाटतं टिकतं. मग मॅगी आठवते. टीना आणि मीना आपण होऊन आपापल्या व्हँपायरकडे जातात. मॅगी पळाली होती. चित्रपटांनी बार्नबसचं दुःख घेतलं आणि तिची कोठडी मागे ठेवली.