पिकअप घेताना अ‍ॅव्हरेज विचारलं, हिशोब मात्र कॅरेटवर केला

आमची जुनी पिकअप २०१५ ची. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी करावं लागतं. यंदा पासिंगच्या आधी स्प्रिंगचे पाटे, क्लच आणि रंगरंगोटी यांवर एवढा पैसा गेला की अण्णा म्हणाले, "आता ही काढून टाक." टोमॅटोचा हंगाम उरकला होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. गाडी घ्यायची हे ठरलं, कोणती हे काही ठरेना.

आमचं काम म्हणजे नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो पोचवणं. आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून मुरबाड-कल्याण. पावसाळ्यात घाटात दरड आली की चाकण-तळेगावावरून एक्सप्रेस वे, म्हणजे टोल वेगळा. कसंही गेलं तरी जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. जाताना माल, येताना बहुतेक वेळा रिकामी.

शोरूमवाल्यांना अ‍ॅव्हरेज विचारलं की आकडा तयार असतो. तो रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे विचारलं की चहा येतो. म्हणून मी रात्री वाशीला गाडी खाली व्हायची वाट बघत असताना पार्किंगमधल्या ड्रायव्हरांना विचारत सुटलो. अ‍ॅव्हरेज विचारत नव्हतो, तो सगळेच दोन किलोमीटर वाढवून सांगतात. "फुलटाकीत वाशीच्या किती खेपा होतात?" असं विचारलं की माणूस बोटं मोजतो आणि खरं निघतं.

त्यातून तीन आकडे धरले. पावणेदोन टनी म्हणतात ती पिकअप, म्हणजे १,७०० किलो माल नेणारी, जाताना भरलेली आणि येताना रिकामी मिळून लिटरला १२ किलोमीटर. दीड लिटर इंजिनाची १,३०० किलोची गाडी १५ किलोमीटर. एक टनाची सीएनजी किलोला १७. डिझेल ९० रुपये, सीएनजी ८८ धरला.

नुसतं किलोमीटरमागे बघितलं तर सीएनजी पहिली, छोटं डिझेल दुसरं आणि मोठी पिकअप शेवटची. पण आम्हाला भाडं किलोमीटरवर मिळत नाही, कॅरेटवर, म्हणजे टोमॅटोच्या क्रेटवर मिळतं. वीस किलो टोमॅटो आणि कॅरेटचं स्वतःचं वजन धरून २२ किलो. मोठ्या गाडीत कायदेशीर ७७ कॅरेट बसतात, मधल्या गाडीत ५९, एक टनाच्या गाडीत ४५. ३२० किलोमीटरच्या खेपेला मोठीला २,४०० रुपयांचं डिझेल, म्हणजे कॅरेटमागे ३१ रुपये. मधलीला १,९२० रुपये, कॅरेटमागे साडेबत्तीस. सीएनजीला साडेसोळाशे रुपये, पण कॅरेटमागे ३७ च्या जवळ. ड्रायव्हर, टोल आणि रात्रीचं जागरण यात धरलेलंच नाही. ते गाडी छोटी असो की मोठी, तेवढंच लागतं.

"सगळे तर शंभर कॅरेट भरतात," असं कोणी म्हणेलच. भरतात. पण ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर जादा टनामागे २,००० असं २०१९ पासून आहे. एकदा पावती फाटली की महिन्याचं वाचवलेलं डिझेल गेलं. मी हिशोब कागदावरच्या वजनावरच केला.

सीएनजी गावातल्या गावात किंवा पुण्यात फिरणाऱ्याला परवडत असेल. आम्हाला रात्री रांगेत तासभर थांबणं परवडत नाही, पहाटे बाजार लागलेला असतो. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते ती वेगळीच. इलेक्ट्रिकचा विचार एवढ्या लांबच्या खेपेला केलाच नाही.

मग मोठ्यांत निवड. टाटा योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन १०० हॉर्सपॉवरचं, टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २५० एनएम. बोलेरो पिकअपचं २,५२३ सीसीचं, पण ताकद ७५ हॉर्सपॉवर आणि टॉर्क २००. माझा मामेभाऊ योद्धावर अडून बसला होता, "दादा, घाटाला ताकद लागते." लागते, पण आमचा घाट उलटा आहे. वाशी समुद्राला टेकलेली, आम्ही वरचे. भरलेली गाडी माळशेज उतरते आणि चढते ती रिकामी. कोकणातून खडी घेऊन वर येणाऱ्याचं गणित वेगळं. त्याने शंभराचीच घ्यावी.

उतारावर ताकद नाही, गिअरमध्ये गाडी धरून ठेवणं आणि ब्रेक महत्त्वाचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे अजून भेटतात. नव्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल फवारणारे इंजेक्टर डिझेल बंदच करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जातच राहतं. म्हणजे न्यूट्रलवाल्याचे ब्रेकही तापतात आणि डिझेलही जातं.

विश्वासाच्या बाबतीत मी आळेफाट्याच्या आमच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी कंपनीबद्दल काही सांगितलं नाही, उलट मलाच विचारलं, "शेठ, ऑगस्टमध्ये रात्री अकराला बंद पडली तर पार्ट कुठून आणणार?" सगळा प्रश्न तिथेच आहे. हंगामात एक दिवस गाडी उभी राहिली तर तोडलेला माल पडून राहतो, आणि पिकलेला टोमॅटो थांबत नाही. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाड्यांना सेन्सर, धुराचा फिल्टर आणि वायरिंग आहे, लॅपटॉप लावल्याशिवाय मेस्त्रीलाही कळत नाही. त्यांच्याकडे कोणत्या गाडीचा स्कॅनर आहे आणि चौकातल्या दुकानात कोणत्या गाडीचे सुटे भाग रात्रीही मिळतात, हे मी विचारून घेतलं. दोन्हीचं उत्तर बोलेरो पिकअप आलं. वर त्यांचं म्हणणं, मोठ्या इंजिनातून कमी ताकद काढली की ते कमी घासतं.

धुराच्या फिल्टरबद्दल त्यांनी एक सांगितलं ते इथे लिहितो, कारण शोरूममध्ये कोणी बोललं नाही. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो. दोन-तीन किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाडीत तो तापतच नाही, मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. वाशीच्या रस्त्यावर हा त्रास नाही. पण उन्हाळ्यात आमची गाडी चारा आणि सिमेंट गावातच फिरवते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी नाशिक हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एकसारखी चालवायची, असं ठरवलंय.

गाडी बोलेरो १.७, म्हणजे १,७०० किलोवाली, घेतली, अर्धे पैसे जुनीच्या विक्रीतून आणि उरलेले हप्त्यावर. घरात एकच वाद बाकी आहे. अण्णांनी शेतावर ट्रॅक्टरसाठी बॅरल भरून ठेवलाय आणि "त्यातलंच टाक, पंपावर कशाला जातोस" असं ते रोज म्हणतात. बॅरलच्या तळाला पाणी बसतं, आणि या इंजेक्टरना तेच चालत नाही. तूर्तास टाकीच्या झाकणाची चावी मी माझ्याकडे ठेवली आहे.