आमची वाटचाल : चार इंची कुंडीतला गुलाब

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की सोरतापवाडीच्या आसपास दोन्ही हातांना नर्सऱ्याच नर्सऱ्या लागतात. त्यातली एक आमची. २००४ साली वडिलांनी उसातलं अर्धा एकर मोकळं करून दिलं आणि सगळे लावतात तेच आम्हीही लावलं, रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेली, म्हणजे कलम केलेली, मोठ्या फुलाची रोपं.

डोळे भरायला माझे मामा होते. त्यांच्या चाकूचं पातं घासून घासून करंगळीएवढं राहिलं होतं, पण दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. साल उचलायची, डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची, हे बोलता बोलता चालायचं. बटन गुलाब, म्हणजे छोट्या फुलांचा बुटका गुलाब, लावू या, हे पहिल्यांदा तेच म्हणाले. "याला खुंट कशाला? काडी लाव, आपल्या मुळावर उभा राहील." तीन-चार डोळ्यांची काडी, बुडाला मुळं फुटायची पावडर (केराडिक्स), नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, आणि फॉगरच्या बारीक तुषारांचा ओलावा. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळी धरते. मग एका चार इंची कुंडीत तीन काड्या. भरगच्च दिसणारं ते एक झाड नसतं, तीन असतात. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

पुढची सात-आठ वर्षं कुंड्या भरल्या, विकल्या.

मग २०१३ उजाडलं. दुष्काळाचं वर्ष, मार्चमध्येच टँकर घ्यावा लागला. तशात एका कंपनीची ऑर्डर आली : महिला दिनाला प्रत्येकीला एक कुंडी, एकूण साडेआठशे. आमच्यासाठी ती वर्षाची कमाई होती. त्यांना कुंडीला चंदेरी कागद हवा होता, वर रिबीन, भोवती पारदर्शक प्लास्टिक. आम्ही रात्री जागून बांधलं. माल वेळेवर पोचला, फोटो निघाले, कौतुक झालं. पंधरा दिवसांनी फोन आला : पानं पिवळी पडून गळताहेत, निम्मी झाडं गेली, पैसे मिळणार नाहीत.

आमच्याच रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्याने, ज्याला पहिल्या काड्या मी फुकट दिल्या होत्या, त्याच आठवड्यात त्या कंपनीत जाऊन सांगितलं की यांची रोपं रोगट असतात. पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याला गेली. मंडईतल्या दोन दुकानदारांनीही आमचा माल बंद केला. छोटा हत्ती विकून पतसंस्थेचे हप्ते भरले. पाच माणसांतली तीन कमी करावी लागली, आणि त्यांना ते सांगताना माझी मान वर होत नव्हती. इतकी वर्षं झाली, त्या माणसाशी मी अजून बोलत नाही.

एप्रिलमध्ये एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बसने, कापडी पिशवीत कुंडी घेऊन. भाचीला ऑफिसात मिळालेली कुंडी तिने मावशीकडे दिली होती. मला वाटलं, आता या ओरडणार. त्यांनी बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि चंदेरी कागद सोडला. भसकन पाणी सांडलं. शिळ्या पाण्याचा वास. मुळं काळी, बोटाने ओढली की साल हातात येत होती. बाई म्हणाल्या, "अहो, हे तहानेनं नाही गेलं. बुडून गेलंय."

कागद आम्हीच बांधला होता. एसीच्या टेबलावर झाड कोमेजलं म्हणून त्या मुली रोज पाणी घालत राहिल्या आणि तळाचं भोक आमच्या कागदाने बंद होतं. रोग नव्हता. पण दोष आमचाही होता, आणि ते कळायला बाई याव्या लागल्या.

तीनपैकी एका काडीची मुळं पांढरी होती. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसून ती काडी मातीपासून दोन बोटं ठेवून छाटली आणि कोरड्या मिश्रणात लावली. जूनमध्ये तिला तांबूस फूट आली. कलमाचा गुलाब इतका खाली छाटला तर खालून रानगुलाब निघतो. हा आपल्या मुळावरचा, म्हणून तोच परत येतो. ते झाड आजही बाईंच्या गॅलरीत आहे.

म्हणून सांगतो. कुंडी भेट आली की आधी कागद सोडा. दोन-चार दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, मग सकाळचं ऊन द्या, पाच-सहा तास तरी. हा घरातला गुलाब नाही, टीव्हीशेजारी तो जगत नाही. बोट पेरभर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, तेही मातीत आणि सकाळी. पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके आलेच. फूल सुकलं की त्याच्या खाली पाच छोट्या पानांचं पान दिसेल, त्याच्या वर छाटा. बहर ओसरल्यावर आठ इंची मातीच्या कुंडीत हलवा, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फोडता. तिन्ही झाडं वेगळी करायचा मोह पावसाळ्यापर्यंत आवरा. उन्हाळ्यात पानं फिकट, ठिपकेदार दिसली तर उलटून बघा : जाळी असेल तर लाल कोळी ही कीड आहे. औषध आणायच्या आधी चार-पाच दिवस पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा. आणि युरिया नको. मूठभर शेणखत, चिमूटभर निंबोळी पेंड, बास.

हेच सगळं आम्ही २०१३ च्या दिवाळीपासून चिठ्ठीवर छापून प्रत्येक कुंडीला बांधतो. पहिल्या चिठ्ठीत "पाणि" असं छापलं होतं. बाईंनी लाल पेनने वेलांटी दुरुस्त करून दिली, दुसऱ्या छपाईपासून ते बरोबर आलं. आता रस्त्यापलीकडच्या नर्सरीतही कुंडीला चिठ्ठी असते. मजकूर आमचाच, शब्दाला शब्द, आणि "पाणि" अजून ऱ्हस्वच.